हसिवु सरांचे जेवण

धारवाडात दुपारी कुणी भेटले की "ऊट आत्री?" म्हणजे "जेवण झालं का?" असे विचारतात. उत्तराची अपेक्षा फारशी नसते. आमच्या शेजारचे सर मात्र फाटकाशी थांबून सविस्तर उत्तर देत. "जेवलो. तृप्त झालो की नाही, ते मेंदूनं अजून कळवलं नाही." हुबळीच्या एका मेडिकल कॉलेजात ते शरीरक्रियाशास्त्र शिकवत. भूक हा त्यांचा खास विषय. विद्यार्थ्यांनी त्यांचे नाव हसिवु सर ठेवले होते. हसिवु म्हणजे कन्नडमध्ये भूक.

दरवर्षी ते वर्गात पेढे नेत. अर्धा पेढा जेवणाच्या सुट्टीआधी, अर्धा नंतर. नंतरचा कमी गोड लागला, असे बहुतेक मुले सांगत. "दुकान तेच, पेढा तोच," सर म्हणत, "बदललात तुम्ही." मग ते समजावत. रिकाम्या जठरातून घ्रेलिन नावाचे हार्मोन रक्तात मिसळते आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या भुकेच्या पेशींपर्यंत पोहोचते. त्या पेशी भराभर संदेश सोडू लागतात. त्यामुळे गोड अधिक हवेसे वाटते, कडू फारसे खुपत नाही. पोट भरले की हे सगळे ओसरते. मी वर्तमानपत्रात काम करतो म्हणून मला वेगळे सांगत. "जीभ बातमी पाठवते. मथळा मेंदू देतो."

निवृत्तीनंतर त्यांना जठराचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियेत पूर्ण जठर काढले. घ्रेलिन मुख्यतः तिथेच तयार होते, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. भेटायला येणाऱ्यांना ते स्वतःच सांगत, "निरोप धाडणारंच काढून टाकलंय. आता भूक कुठून लागणार?"

त्यांच्या पत्नीला सगळी गल्ली अक्का म्हणते. अक्कांनी भरली वांगी केली, शेंगांची चटणी कुटली, ज्वारीची भाकरी कुस्करून दुधात दिली. सर दोन घास खाऊन हात आखडता घेत.

"मीठ बरोबर आहे. पण खावंसं वाटत नाही."

"इतकी वर्षं वाटत होतं. आताच माझ्या हाताला काय झालं?"

"तुझ्या हाताला काही नाही गं. बिघाड माझ्याकडे आहे."

वजन उतरत चालले. असेच चालले तर पुढची केमो देता येणार नाही, असे डॉक्टरांनी बजावले. सरांनी मान डोलावली. घरी आल्यावर अक्कांनी ताट मांडले, तर म्हणाले, "राहू दे. भूक लागली की जेवीन."

मी तिथेच होतो. अक्कांनी ताट उचलले नाही.

"अहो, भूक लागणार नाही असं येईल त्याला सांगता. मग वाट कुणाची बघताय?"

सरांनी ताट जवळ ओढले. मग म्हणाले, "परीक्षेत कुणी असं लिहिलं असतं, तर नापास केलं असतं मी." आणि भाकरीचा तुकडा मोडला.

त्या दिवसापासून ते गजर लावून थोडे थोडे जेवू लागले. वजन स्थिरावले, केमो पूर्ण झाली. आजार मात्र पुन्हा उलटला आणि गेल्या वर्षी सर गेले.

त्याच्या थोडे आधी एका दुपारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. अक्का स्वतःचे ताट घेऊन सरांसमोर बसल्या होत्या. सरांची वाटी रिकामी झाली होती.

"थोडी आमटी वाढ."

अक्कांचा हात पळीवर थांबला. "भूक लागली?"

"नाही. तुझं जेवण व्हायचंय अजून."