मेविसची पेटी आणि वॉल्टरचे गुडघे

मेविस ऑग्डेनची पेटी झोपेत वाजते, असं आमच्या गावात सगळे म्हणत. तोंडावरच म्हणत, कारण लँकेशरच्या या डोंगरात पाठीमागे बोलणं भ्याडपणाचं समजतात. "मेविस, तुझी चाल संपेपर्यंत बिअरचा फेस बसतो गं," असं कुणी म्हटलं की ती भाता ओढत म्हणे, "मग लवकर पीत जा."

पेटी म्हणजे गळ्यात अडकवायची मेलोडियन. तिच्यावर गावचं पथक नाचतं, लाकडी तळाचे, नाल ठोकलेले बूट घालून. वाजवणाऱ्याने आपल्या बोटांकडे नाही, नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघायचं, हे मेविसला तिच्या वडिलांनी शिकवलं होतं. आणि मेविस बघे ते पाय वॉल्टर शॉरॉकचे.

वॉल्टर पहिल्या ओळीत नाचायचा. निवृत्त पोस्टमन, पांढऱ्या मिशा, ऐट मात्र नवरदेवाची. गुडघे केव्हाच कामातून गेले होते. पण नाच सोड असं सांगायची कुणाची टाप नव्हती, आणि बायको गेल्यापासून त्याला दुसरा विरंगुळाही नव्हता. मेविसने ते पाहिलं आणि चाल जराशी सैल केली. पुढच्या वर्षी आणखी जराशी. गुडघे त्याचे वाचत राहिले, बोलणी ती खात राहिली. याबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही.

यंदा पथकाची प्रमुख ट्रेसी वैतागली. लव्हाळ्याच्या गाडीची, म्हणजे लव्हाळं उंच रचलेल्या गाडीची, वार्षिक मिरवणूक तोंडावर आली होती. गाडी दोरांनी ओढत नेतात आणि पुढे पथक नाचतं. त्या दिवशी पेटी ऑग्डेनांच्याच घरची असायची. रविवारी दुपारी सराव आटोपून सगळे पबच्या अंगणात बसले, तेव्हा ट्रेसीने विषय काढला.

"मेविस, राग मानू नकोस. पण चाल अशीच राहिली तर यंदा माझा भाचा फिडल वाजवील. नवी मंडळी नाचताना जांभया देतात गं."

मेविसने ताटलीवरून मान वर केली. तेवढ्यात वॉल्टरने काटा खाली ठेवला.

"राहू दे ट्रेसी. बोटं वळत नाहीत आता तिची, त्याला ती काय करणार? मी नाही का मुद्दाम हळू नाचत? सांभाळून घेतोय इतकी वर्षं. नाहीतर माझे पाय अजून..."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणाव्यात, तर हा चोर मनापासून बोलत होता. ते मेविसला जास्तच झोंबलं.

"हो का? मग ऊठ," ती म्हणाली आणि पेटी गळ्यात अडकवली.

तिने वडिलांची चाल धरली, अस्सल, जुन्या वेगाची. फरशीवर वॉल्टरचे नाल कडाडले. लोक पेले हातात घेऊनच उठले, आणि ट्रेसीचा पाय तिच्या नकळत ठेका धरू लागला. वॉल्टर आधी मिशीतल्या मिशीत हसत होता. मग हसू गेलं. मग ओठ घट्ट मिटले, चेहरा बिटासारखा लाल झाला, तरी गडी थांबेना. तिने अजून थोडा वेळ चाल धरून ठेवली असती तर मिरवणूक तिचीच होती. तिला त्याचा भयंकर राग आला होता आणि त्याच्याचसाठी पोटात तुटतही होतं.

तिने एक सूर चुकवला. मग दुसरा. मग थांबलीच.

"आखडली बोटं," ती म्हणाली.

ट्रेसीने सुस्कारा सोडला. "मग भाचाच बरा."

"मग मीही नाचणार नाही," वॉल्टर धापा टाकत म्हणाला. "ही एकटीच रस्त्याच्या कडेला उभी राहणार, बरं दिसतं का ते? दमलीस ना गं?"

"दमले रे. उभं राहवत नाही. बस माझ्याजवळ जरा."

वॉल्टर तिच्यासाठी म्हणून लगेच बसला. बसताना त्याचे गुडघे कडकन वाजले. मेविसने ऐकलंच नाही असं दाखवत भात्याचा पट्टा लावला.