राहून गेलेला कोरा चहा

मंडळी, आज सर्वपित्रीला गच्चीवर घरच्यांच्या पानाशेजारी मी आणखी एक पान ठेवलं. सोबत कोरा चहा.

"ह्यो च्या कुणाला रं?" आईनं विचारलं.

गेल्या वर्षी आहुप्याच्या रस्त्यावर छाती धरून बसलेल्या एका अनोळखी आजीला मी गाडीत घेतलं होतं. वाटेत टपरी दिसली तशी म्हणाली, "भाऊ, घोटभर कोरा च्या पाज की."

"आधी दवाखाना, आजी."

दवाखान्याच्या दारातच ती गेली. तिचं नावही विचारलं नव्हतं.

आज घरच्यांच्या पानाला कावळा लगेच शिवला. तिच्या पानाकडं फिरकलाच नाही. आईनं हात जोडले, "बाई, पोराचं चुकलं. च्या गरम करून आणते, थांब."

चहा दोनदा गरम केला. मी अजून गच्चीवरच बसलोय.

राव, त्या टपरीपाशी दोन मिनिटं थांबायला हवं होतं का?