आवाज देऊ नये

लहानपणापासून मला आवाज सहन होत नाही. जर्मनच्या गंजात, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात, कोणी उलथनं खरवडलं, की माझे दात आंबल्यासारखे व्हायचे आणि मी घराबाहेर पळायचो. बाबा म्हणायचे, "पोरगा कानाचा हलका आहे." पुढे शाळेत गुरुजींनी वाक्प्रचार शिकवले, तेव्हा कळलं की कानाचा हलका म्हणजे कोणीही काही सांगितलं तरी विश्वास ठेवणारा. मी घरी येऊन बाबांना दुरुस्त केलं. ते म्हणाले, "असन बा. पुस्तकात तसं असन. पण तुह्ये कान तर हलकेच आहेत."

आमचं गाव आर्वी तालुक्यात, रोहण्याच्या थोडं पुढे. आमच्या घरात बी.ए. झालेला मी पहिला. बाबांना अक्षर येत नव्हतं. त्यांनी मला शेतीच्या कामातून मोकळं ठेवलं आणि गुरुजींनी वर्ध्याच्या वसतिगृहात जागा मिळवून दिली. या दोन माणसांमुळे मी शिकलो, हे मी कधी विसरलो नाही. एका खोलीत सहा जण होतो. मी कानात कापूस घालून अभ्यास करायचो. कापसाची आमच्याकडे काही कमी नव्हती.

सत्तरच्या दशकात मला वर्ध्याला एका कार्यालयात कारकुनाची नोकरी लागली आणि मी पिपरी मेघेला खोली घेतली. तेव्हा तिथे घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त होते, म्हणून शांतता असेल असं मला वाटलं होतं. पण खोलीवर टिन होतं. चिमणी चालली तरी तिचे पाय मोजता येत. मागच्या बाजूला पिठाची चक्की होती. शेजारी रेल्वेत नोकरी करणाऱ्यांचं घर होतं. त्या घरच्या काकू मनानं फार चांगल्या, पण त्यांचं साधं बोलणंही चौकापर्यंत पोचायचं.

मी जमेल ते केलं. सायकलची जुनी ट्यूब कापून तिचे तुकडे दाराच्या चौकटीला ठोकले, म्हणजे दार आपटणार नाही. खाटेच्या पायांना, बादलीच्या कडीला तीच ट्यूब गुंडाळली. खिडकीच्या फटींत कापूस भरला. दाराला आतून गोधडी ठोकली आणि उरलेल्या गोधड्या भिंतींना लावल्या. काकू एकदा आत डोकावून म्हणाल्या, "बाबूजी, भिंतीले थंडी वाजते का तुमच्या?"

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी आई गेली. बाबा गावात एकटे राहिले आणि मी इथे एकटा. तेरवीनंतर ते तीन दिवस माझ्याकडे आले. चिमण्यांचा आवाज ऐकून मी दचकतो हे त्यांनी पाहिलं. ते कुठूनतरी तुराट्यांचे, तुरीच्या वाळक्या काड्यांचे, भारे घेऊन आले, टिनाखाली त्यांचं छत बांधलं आणि खालून शेणमातीनं लिंपलं. तीन दिवस ते स्टुलावर उभे होते. आणि तीन दिवस ते बोलत होते. बैलांशी बोलावं तसं तुराटीशी, सुतळीशी, मातीशी. "ये इकडे, सरक अशी, तुले काय झालं आता?" काम माझ्या कानांसाठी चाललं होतं, आणि मला मनातून वाटत होतं की त्यांनी थोडं थांबावं. मी तसं म्हटलं नाही. पण तिसऱ्या दिवशी कानात कापूस घातला. ते त्यांना दिसलं असणार.

ते निघाले तेव्हा मी म्हटलं, "बाबा, इथंच या ना राहाले."

"पाहू," ते म्हणाले. "वावरातल्या पऱ्हाटीचं काम होऊ दे, कापूस निघू दे."

त्या वर्षी मी खात्याच्या परीक्षेला तिसऱ्यांदा बसणार होतो. आधी दोनदा नापास झालो होतो. रविवारी सकाळपासून ओट्यावर कोणी ना कोणी यायचं. आमच्याकडे दार ठोठावण्याची पद्धत नाही. दार ठोठावतो तो पोलीस किंवा तारवाला. आपलं माणूस लांबूनच आवाज देतं, "आहे का घरी?" या हाकांनी माझं वाचन तुटायचं. म्हणून मी एका पुठ्ठ्यावर पाटी लिहायला घेतली. 'आवाज करू नये' असं आधी लिहिलं. ते वर्गातल्या मास्तरांनी दटावल्यासारखं वाटलं. शेजाऱ्यांना असं कसं सांगायचं? 'त्रास देऊ नये' असं आपण म्हणतो, ते सभ्य वाटतं. म्हणून दुसरा पुठ्ठा घेऊन वळणदार अक्षरात लिहिलं, 'कृपया आवाज देऊ नये', आणि तो दारावर लावला.

काकूंनी वाचून विचारलं, "काऊन बाबूजी, रागावले का आमच्यावर?"

"नाही हो. परीक्षा आहे."

"मंग मिरची कधी कुटू? का तेही अर्ज करून कुटाची?"

मी हसलो. पाटीचा अर्थ काय झाला होता, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मला म्हणायचं होतं, गोंगाट करू नका. लिहिलं होतं, मला हाक मारू नका. लोकांनी ते पाळलं. चक्की चालत राहिली, मिरची कुटली गेली, फक्त हाका बंद झाल्या. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

असे चार-पाच रविवार गेले. एका रविवारी दुपारी उशिरा मी पाणी भरायला दार उघडलं, तर काकू त्यांच्या ओट्यावर गहू निवडत होत्या.

"गेले का तुमचे बाबा?"

"कोण बाबा?"

त्यांचा हात सुपातच थांबला. "अहो, सकाळच्या गाडीनं आले होते ना. इथंच तर बसले होते, ओट्यावर. मी म्हटलं आवाज द्या. तर मले विचारलं, दारावर काय लिवलं आहे? मी वाचून दाखोलं. म्हणे, मंग नाई देत, पोरगा अभ्यास करून राह्यला. मले वाटलं तुमी बाहेर येऊन भेटले असान, मी सैपाकाले गेली होती."

"काही सोबत होतं का?"

"वळकटी होती. अन् एक पिशवी."

दोन दिवसांसाठी येताना बाबा कधी अंथरूण आणत नसत. मी सायकल काढून स्टँडवर गेलो. आर्वीची गाडी सुटून गेली होती.

पुढच्या रविवारी गावी गेलो. बाबा दारात सुतळी वळत बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट मलाच विचारलं, "अभ्यास सोडून काऊन आला?"

"बाबा, आवाज काऊन नाई देला?"

"लिवलं होतं ना."

"ते तुमच्यासाठी नव्हतं."

"त्यात कुठं लिवलं होतं कोनासाठी ते?" ते हसले. "एकडाव खोकललो बी. म्हटलं आयकलं तर आयकलं. चांगलं बनलं ते घर, काईच आत जात नाई."

चिमणीच्या पायांचा आवाज ऐकणाऱ्या मला दाराबाहेरचा हा खोकला ऐकू आला नव्हता.

मी म्हटलं, "आता चला माझ्यासंगं. पाटी काढली मी."

बाबांनी सुतळी बाजूला ठेवली. "तुही माय गेली तवापासून मी भिंतीसंगं बोलतो. मले बोलाले लागते, बापू. तुह्या भिंतीले तर गोधड्या आहेत."

"त्याही काढतो."

"मंग तुले सोसन का?"

"सोसन," मी म्हणालो.

"काढून पाह्य आधी. मंग कळोजो. मी येतो."

घरी आल्यावर मी दाराची आणि भिंतींची प्रत्येक गोधडी उतरवली. खिडकीतला कापूस काढला. चक्की, काकू, सायकलींच्या घंट्या, सगळं एकदम खोलीत शिरलं. मी स्वतःला समजावत होतो की माणसाला सवय होते. आठ दिवस मी तसा राहिलो. जेवण जात नव्हतं, कार्यालयात बेरजा चुकत होत्या. नवव्या दिवशी हातोडी घेतली आणि त्याच भोकांत पुन्हा खिळे ठोकले.

मग बाबांना पत्र लिहिलं. परीक्षा जवळ आली आहे, ती झाली की कळवतो, असं लिहिलं. परीक्षा खरोखरच जवळ होती, त्यामुळे खोटं लिहिलं असं कोणी म्हणू शकलं नसतं.

त्यांनी पोस्टमनकडून कार्ड लिहवून घेतलं. त्यात दोनच ओळी होत्या. "अभ्यास नीट करजो. मले इथं काई त्रास नाई."

त्या वर्षी मी पास झालो. ते मी बाबांना कळवलं. 'या' असं त्यात लिहिलं नाही.