भिंतीपलीकडच्या टाळ्या

मंडळी, आज संध्याकाळी सीवूड्सला आमच्या घरी जुने दोस्त जमले. ऐंशीच्या दशकात वाशीला मी रोज वाजवायचो ती रॉक बँडची, प्रेक्षकांसमोर रेकॉर्ड केलेली लाइव्ह एलपी लावली आणि वाद पेटला.

"गिटारचा सोलो लय ताणलाय," सुहास म्हणाला.

"पब्लिकचा गोंगाट नको होता," विनय म्हणाला.

आमच्या तेव्हाच्या शेजारीण नसीमाआपाही आल्या होत्या; त्या हसल्या. "गाणी मला नाय कळली. पण तेव्हा बिल्डिंग रिकामी, हे बोटीवर नोकरीला, मी तान्ह्या पोरीला घेऊन एकटी. भिंतीपलीकडून टाळ्या आल्या की वाटायचं, आजूबाजूला माणसं आहेत. भीती जायची."

आम्ही थक्क. विनयनं रेकॉर्ड पुन्हा सुरुवातीपासून लावली.

तुमच्या गाण्यांनी शेजारी कुणाला सोबत केली, कधी विचारलंय?