दुभता कूलर

तमाम जनतेस या जाहीर प्रगटनाद्वारे कळविण्यात येते की, परभणी शहरातील आमच्या राहत्या घरी, समोरच्या खोलीतील लोखंडी पलंगावरून, माझे सासरे यांनी भाऊबीजेच्या दिवशी पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाखाली न येता असे घोषित केले आहे की, ज्या घरात त्यांना गार किंवा गरम ठेवण्यास वर्षाला कमी पैसा लागेल, त्या घरात ते यापुढे कायमचे राहतील. याबाबत कोणाची हरकत असल्यास ती चहा होण्यापूर्वी कळवावी. नंतर आलेली हरकत विचारात घेतली जाणार नाही.

चहा पाच मिनिटांत झाला. हरकत माझी होती, पण चहाही मीच करत होते.

सासऱ्यांना घरात सगळे आबा म्हणतात. ते वीज खात्यात मीटर रीडर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी रोज सकाळी सात वाजता हात मागे बांधून ते जिन्याखालच्या मीटरसमोर उभे राहत आणि निकाल जाहीर करत, "काल सात युनिट. गिझर कुणी लावलाता?" त्यांना जरा कमी ऐकू येतं, त्यामुळे आपण हळूच बोलतोय असं त्यांना वाटतं तेव्हासुद्धा शेजारची तीन घरं ऐकत असतात. आमच्या गिझरबद्दल त्या तिन्ही घरांना पूर्ण माहिती आहे.

प्रकरणाचं मूळ त्या भाऊबीजेच्या आधीच्या मे महिन्यात होतं. गल्लीच्या टोकाला एकांचं मीटर पळतंय अशी तक्रार होती, म्हणून आबा भर दुपारी एक वाजता ते बघायला गेले. मीटर ठीक होतं. आबा मात्र तिथंच खाली बसले आणि नंतर आडवे झाले. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि आम्हाला सांगितलं, "पुढच्या उन्हाळ्यात यांना दुपारचं गार खोलीत ठेवा. नाहीतर मला बोलवू नका." आमच्याकडे गार खोली म्हणजे कूलर असलेली खोली. कूलरला दिवसाला आठ बादल्या पाणी लागतं आणि नळाला पाणी त्याच्या मर्जीनं येतं. पाणी नसलं की तो कूलर नुसता गरम वारा फेकतो आणि आवाज असा करतो की त्याचं काहीतरी काम चाललंय असं आपल्याला वाटावं.

हे सगळं माझ्या नणंदेला कळलं. ती हिमाचलात एका डोंगरी गावात राहते, जावई तिथल्या धरणावर इंजिनियर आहेत. भाऊबीजेला आली ती ठरवूनच आली. "आबा, आमच्याकडं चला. मे महिन्यात तिथं स्वेटर घालतात. कायमचेच चला."

आबांना मुलीचा शब्द मोडवेना आणि घरही सोडवेना. मग त्यांनी पलंगावर मांडी घातली आणि वरची घोषणा केली. "मी कुणाला बोजा होणार न्हाई. जिथं मला करंट कमी लागंल, तिथं मी. पुढल्या जूनला सांगतो."

आता माझी हरकत काय होती ते सांगते. मी शाळेत शिकवते आणि मला गोष्टी सांगायची सवय आहे. हावभावांसकट, सगळ्यांचे आवाज काढून. माझ्या नवऱ्याला गोष्ट सुरू केली की तो दुसऱ्या वाक्याला विचारतो, "मग शेवटी काय झालं?" आबा असं कधीच विचारत नाहीत. हेडमास्तरांची नक्कल तर ते तीनदा करायला लावतात आणि तिसऱ्यांदा जास्त हसतात. असा प्रेक्षक हिमाचलात पाठवायचा म्हणजे माझं थिएटर बंद पडलं.

तर स्पर्धा सुरू झाली. जगात लोक आपलं वीजबिल वाढवून सांगतात. आम्ही दोघी ते लपवायला लागलो.

हिवाळा आमच्या बाजूचा होता. परभणीची थंडी बाहेरच्या माणसाला खोटी वाटते. खरं तर डिसेंबरात पेपरमधल्या थंडीच्या बातमीत आमचं नाव असतं आणि मे महिन्यात उन्हाच्या बातमीत. बाकीच्या बातम्यांत आम्ही नसतो. पण आमच्या थंडीला खर्च नाही. राणीसावरगावला माझ्या दिराचं शेत आहे. कापूस वेचून झाला की उरलेल्या पऱ्हाट्या तो जीपच्या टपावर घालून पाठवतो. त्या बंबाखाली घातल्या की आंघोळीचं पाणी तापतं आणि राहिलेल्या विस्तवावर आबा हात शेकतात. वर दोन गोधड्या. झाली परभणीची थंडी.

नणंद दर रविवारी व्हिडिओ कॉल करायची. आबा विचारायचे, "लय गारठा हाय का?"

"छे हो आबा, काही नाही. एक पातळ रजई पुरते."

हे सांगताना तिच्या अंगात दोन स्वेटर, डोक्याला कानटोपी आणि तोंडातून वाफ. एका रविवारी तिच्या मागं भिंतीवर लालभडक उजेड दिसला.

"ताई, मागं काय पेटलंय?" मी प्रेमानं विचारलं.

ती मागं वळली नाही. "देवघरातला दिवा आहे, वहिनी."

त्या दिव्याला चार दांडे होते आणि वर जाळी. बाजूला भिंतीच्या उंचीएवढी लाकडं रचून ठेवलेली. ती बहुधा उदबत्ती असावी. मी काही बोलले नाही. मार्च जवळ येत होता आणि मार्चमध्ये मला तिच्या गप्प बसण्याची गरज पडणार होती.

मार्चमध्ये मी एसी घेतला.

नवरा म्हणाला, "आबांना कळणार नाही असं वाटतंय तुला? मीटर रीडर होते ते."

"कूलर म्हणायचं," मी म्हणाले. "नवीन पद्धतीचा."

बसवायला आलेल्या मेकॅनिकला मी दारातच अडवलं. "या घरात एसी हा शब्द काढायचा नाही. कूलर म्हणायचं."

"मॅडम, कूलरला कॉम्प्रेसर नसतो."

"आमच्याला असतो."

तो बिचारा मान डोलवून कामाला लागला. कंपनीचा स्टिकर मी खोबरेल तेल लावून काढला. गच्चीवर बसवलेल्या डब्याबद्दल आबांनी विचारलं तर ती कूलरची पाण्याची टाकी आहे असं ठरलं. दुपारी आबा राशन दुकानातून आले, चपला काढल्या आणि भिंतीकडे बघत उभे राहिले. मी श्वास रोखला. शाळेच्या गॅदरिंगला पडदा उघडताना रोखते तसा.

"ह्याला पाणी कुठून भरायचं?"

"भरावं लागत नाही आबा. नवीन पद्धत."

त्यांनी एकदा वर पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. "बरं हाय," म्हणाले आणि पलंगावर आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ते मीटरकडे गेलेच नाहीत. मी हळूच विचारलं, तर म्हणाले, "चष्म्याचा नंबर वाढलाय. आकडे दिसंनात." देव कुठून कशी मदत पाठवेल सांगता येत नाही. मी त्याच संध्याकाळी देवाला नारळ फोडला. संपूर्ण उन्हाळा आबांना मीटरचे आकडे दिसले नाहीत. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांतला एक कावळ्यानं नेला, तो मात्र त्यांना पलंगावरून दिसला.

वीजबिलाचा कागद फाटकातून आत पडला की मी तो आधी उचलायची आणि ज्वारीच्या कोठीत खुपसायची. नवरा फोनवरून पैसे भरायचा आणि भरताना माझ्याकडे बघायचा. एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. मी वीसवर लावून शाळेत जायची आणि आले की तो सव्वीसवर असायचा. मी नवऱ्याला बोलले. नवरा म्हणाला, मी तर दिवसभर दुकानात असतो. मग आम्ही ठरवलं की यंत्रातच काही दोष असेल.

आबांनी मात्र त्या यंत्राचा एक गुण शोधून काढला. मागच्या भिंतीला एक बारीक नळी बाहेर काढलेली होती आणि तिच्यातून थेंब थेंब पाणी पडायचं. आबांनी तिच्याखाली तांब्या ठेवला. संध्याकाळी तांब्या भरला, तो त्यांनी तुळशीला घातला आणि रविवारी फोनवर मुलीला सांगितलं, "अगं, जुना कूलर आठ बादल्या प्यायचा. ह्यो उलट पाणी द्यायलाय! दुभता कूलर हाय. खायाला काय न्हाई, आन् सकाळ-संध्याकाळ धार."

फोनच्या पडद्यावर नणंदेचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "वहिनी, तुमचा कूलर दाखवा बरं जरा," ती म्हणाली.

"ताई, तुमचं देवघर दाखवा बरं जरा," मी म्हणाले.

दोघींकडचं नेटवर्क एकाच वेळी गेलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नणंद प्रत्यक्ष आली. पर्समध्ये परतीची दोन तिकिटं होती, एक तिचं आणि एक आबांचं. येताना तिने आबांसाठी जाड लोकरी मोजे आणले होते. आबांनी ते हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिले, छान आहेत म्हणाले आणि उशीखाली ठेवले. निकाल दुपारच्या चहानंतर लागणार होता.

मी चहा टाकला. नणंद स्वयंपाकघरात आली आणि तिने दार लोटून घेतलं.

"वहिनी, आता आपण दोघीच आहोत. खरं सांगा. उन्हाळ्याचं बिल किती आलं?"

"आधी तुम्ही. हिवाळ्यात लाकूड आणि करंट मिळून किती?"

"तुम्ही आधी."

"एकदम सांगू."

एक, दोन, तीन म्हणून आम्ही दोघींनी एकदम आकडा सांगितला. चहा उतू गेला तरी कुणी गॅस बारीक केला नाही. आकडे जवळजवळ सारखे होते. फरक होता तो त्या उतू गेलेल्या चहाएवढा.

मग तिथं ओट्याला टेकून मला पहिल्यांदा कळलं की आम्ही दोघी वर्षभर एकच वस्तू विकत घेत होतो. माणसाला हवं असतं ते हवामान एकच, पंखा एकवर ठेवून अंगावर पातळ चादर घ्यावी असं. परभणीला ते नोव्हेंबरात पंधरा दिवस फुकट मिळतं. तिच्याकडे ते मे महिन्यात मिळतं. बाकीच्या वेळी ती ते खालून वर तापवून आणते आणि मी वरून खाली गार करून आणते, आणि दुकानदार दोघींना भाव सारखाच लावतो.

"आता काय सांगायचं आबांना?" नणंद म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "माझ्याकडं आले तर मे महिन्यात पुन्हा ऊन लागायची धास्ती नाही, वहिनी. मला तेवढंच हवं होतं."

मी गॅस बंद केला आणि ओटा पुसायला घेतला. करंट दोन्हीकडे सारखाच लागत होता, म्हणजे आबांच्या नियमानं आबा कुठलेच राहत नव्हते.

तेवढ्यात बाहेर फाटक वाजलं. समोरच्या खोलीच्या दाराशी कुणीतरी आलं आणि मोठ्यानं म्हणालं, "काका, तुमीच फोन केलाता ना? एसी कूलिंग कमी करायलाय म्हणून? सर्व्हिसिंगला आलोय."

तो मार्चमधला मेकॅनिक होता.

स्वयंपाकघरात मी आणि नणंद एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो. बाहेर पलंग करकरला. आबा घाईघाईनं उठले असावेत. आणि मग त्यांनी, त्यांच्या मते अगदी त्याच्या कानात, पण शेजारच्या तिन्ही घरांना ऐकू जाईल असं म्हटलं,

"हळू बोल की रे! एसी म्हणू नकू, कूलर म्हण! सुनंला वाटायलंय मला ठावंच न्हाई!"