किल्ला एक, वेशी चार आणि चुकीच्या जागी उभा मी

लोक प्रवासाला का निघतात? कोणाला इतिहास बघायचा असतो, कोणाला हवापालट हवा असतो, कोणाला नुसता डीपी बदलायचा असतो. मी निघालो, कारण प्रणालीने व्हॉट्सअॅपवर पोस्टर टाकलं : ‘बाळापूरचा किल्ला आणि कारंज्याचं जुनं गाव, एका दिवसात. गाईडसह. रविवारी पहाटे वाशीमहून.’ हे पोस्टर तिने अख्ख्या ग्रुपवर टाकलं होतं, ही क्षुल्लक बाब. प्रेमात पडलेल्या माणसाला ग्रुपवरचा ‘शुभ सकाळ’सुद्धा आपल्यालाच आल्यासारखा वाटतो.

गाईड म्हणजे प्रणालीच. कामरगावची. कॉलेजात आम्ही एकाच वर्गात होतो. तिने इतिहास घेऊन बी.ए. पूर्ण केलं. मी दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत पर्यवेक्षकांशी भांडलो. त्यांनी घड्याळ काढ म्हटलं, मी तिथून पायच काढला. तेव्हापासून अनसिंगला मामाच्या दुकानात पीव्हीसी पाइप विकतो आणि आपण कसे बरोबर होतो हे गिऱ्हाइकांना समजावून सांगतो.

उन्हाळ्यात मी प्रणालीला एक प्रश्न विचारला होता. कोणता, ते सुज्ञ वाचकांना कळलंच असेल. ती म्हणाली, “सांगते, थोडा वेळ दे.” मी चांगला भरपूर वेळ दिला, म्हणजे दोन दिवस, आणि मग फोनवर भांडून बोलणंच बंद केलं. आता ती एम.ए.ला नागपूरला चालली होती आणि गाईड म्हणून ही तिची शेवटची फेरी होती. म्हणजे उत्तर मिळवायचं तर याच रविवारी. किल्ला काय, शेकडो वर्षं उभा आहे, आणखी उभा राहील.

माणशी नऊशे रुपये, दुपारचं जेवण धरून. जिच्याशी फोनवर फुकट बोलता आलं असतं तिचं बोलणं ऐकायला नऊशे रुपये भरणारा जिल्ह्यात मी एकटाच असेन.

वाशीमच्या स्टँडजवळ गाडी उभी होती, सतरा सीटची. ड्रायव्हर रफिकभाई काचेवर ओलं फडकं मारत होते. प्रणालीच्या गळ्यात छोटा माइक होता. मला बघून ती हसली नाही, चिडलीही नाही. “बारा नंबर,” म्हणाली. सीटचा नंबर. एवढ्या महिन्यांनंतरचे तिचे पहिले शब्द.

अकरा नंबरवर, खिडकीशी, एक निवृत्त तलाठी काका होते आणि त्यांच्या पुढे काकू. बाकी मंडळी म्हणजे दोन शाळामास्तरांची कुटुंबं आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला सेल्फी काढणारी चार पोरं. यांची पुढे गरज पडणार नाही, तेव्हा सोडून देऊ.

“जय भीम, राम राम, सलाम, नमस्कार!” प्रणालीने माइक सुरू केला. “ज्याले जे लागू पडते ते त्यानं घ्यावं. आज मी बोलीन आणि तुमी ऐकसान. मधात शंका विचारा. भांडण असन तर गाडीतून उतरून करा.” शेवटचं वाक्य बोलताना तिने बारा नंबरकडे पाहिलं. मी ते प्रेमाचं लक्षण मानलं.

मालेगाव, मेडशी, पातूर असा रस्ता. ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी सांगतो, मेडशीनंतरचा टप्पा छान आहे. दोन्हीकडे सागाची झाडं, वळणं, वर थोडी थंड हवा. पातूरला चहा प्या. चहा बरा होता असं सगळे म्हणाले. मी बघत होतो की ती कप डाव्या हाताने धरते.

बाळापूरचा किल्ला गाव ओलांडलं की एकदम समोर येतो. तट असा उंच की मान मागे टाकावी लागते. दरवाजे एकामागे एक, प्रत्येकाला वळण घेऊन जायचं, म्हणजे शत्रूचा हत्ती सरळ धडक मारणार नाही. (हे मला नंतर कळलं. ती सांगत होती तेव्हा मी तिच्या ओढणीच्या रंगाला काय म्हणतात या विचारात होतो.) किल्ला दोन नद्यांच्या संगमावर आहे. एका नदीचं नाव मन. दुसरीचं नाव म्हैस. माझ्या अवस्थेचं इतकं नेमकं वर्णन सरकारी नकाशात सापडेल असं वाटलं नव्हतं.

तलाठी काका बुरुजावर चढले आणि कपाळावर हात धरून चारी दिशांना बघू लागले.

“याचा सातबारा कोनाच्या नावानं हाय?” त्यांनी विचारलं.

“काका, हा किल्ला हाय,” प्रणाली म्हणाली. “मोगलांनी बांधायले घेतला, नबाबानं पुरा केला.”

“ते झालं. पन फेरफार कोनी केला?”

“अहो, तुमची नोकरी संपली न!” काकू खालून ओरडल्या. “उतरा आता. पाय घसरला तर तुमचाच फेरफार होईन.”

नदीकाठी मोगलांच्या एका राजपूत सेनापतीची छत्री आहे. काळ्या दगडाची, चारी बाजूंनी उघडी, नाजूक कमानींची. तिथे प्रणाली बराच वेळ बोलली. बोलताना तिचा हात कमानीवरून फिरत होता, आणि पुराच्या वर्षी पाणी कुठवर आलं ते दाखवताना ती टाचा उंचावून उभी राहिली. ते दृश्य मी विसरणार नाही. ती काय म्हणाली ते विचारू नका.

छत्रीखाली गर्दी पांगली तेव्हा मी संधी साधली. “प्रणाली, मले बोलायचं हाय.”

“किल्ल्याबद्दल?”

“नाई.”

“मंग आता नाई. मी ड्युटीवर हाओ.”

“ड्युटी! कलेक्टर झाली काय बे तू?” मी म्हणालो. असं बोलून मुलीचं मन जिंकता येतं, अशी माझी त्या काळात समजूत होती. त्या काळात म्हणजे मागच्या रविवारी.

ती शांतपणे म्हणाली, “कारंज्याले तासभर मोकळा वेळ हाय. तवा पाहू.” आणि माइक लावून बाकीच्यांना गाडीकडे घेऊन गेली. मी खूश. बाळापूरहून निघालो ते अकोला, मूर्तिजापूर करत कारंज्याकडे. अकोल्याच्या पुढे ढाब्यावर जेवण : वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर, ठेचा. ठेचा खाताना डोळ्यांत पाणी आलं तर लोकांना खरं कारण कळत नाही, एवढा एक फायदा.

जेवणानंतर गाडी पेंगायला लागली, पण काका जागे.

“तुमचं शिक्षन काय झालं?” त्यांनी मला विचारलं.

“सोडलं.”

“काहून?”

“पटलं नाई.”

“शिक्षन पटायले ते काय सोयरीक हाय?”

झालं. मी पेटलो. पर्यवेक्षक, घड्याळ, विद्यापीठ, व्यवस्था, सगळं काढलं. काका मागे हटणारे नव्हते, त्यांनी आयुष्यभर बांधाची भांडणं ऐकलेली. “घड्याळ काढून खिशात ठेवलं असतं तर हात तुटला असता काय?” असं त्यांनी विचारल्यावर माझा आवाज इतका चढला की रफिकभाईंनी आरशात पाहिलं. पुढे प्रणाली माइकवर काहीतरी सांगत होती. हातवारे दिसत होते. चार बोटं वर केलेली दिसली. मी म्हटलं, चार काय असतील, चार किलोमीटर राहिले असतील.

कारंजा. लाडांचं कारंजा. गाव जुनं, श्रीमंती त्याहून जुनी. लाकडी कोरीव खांबांची घरं, अरुंद बोळ, देवळं. एका हवेलीची गोष्ट प्रणालीने सांगितली आणि ही मात्र मी ऐकली, कारण काकूंनी तिचं प्रात्यक्षिक केलं. म्हणे एका सावकाराने उंटांवर लादून आणलेली सगळी कस्तुरी विकत घेतली आणि घर बांधताना चुन्यात ओतली. का? तर विकणाऱ्याने विचारलं होतं, तुम्हाला परवडेल का? नुसत्या रागापायी एवढी कस्तुरी भिंतीत! मला तो माणूस फार जवळचा वाटला.

काकूंनी भिंतीला नाक लावलं. “येते बाप्पा वास!”

“कस्तुरीचा?” काकांनी विचारलं.

“नाई. कोनीतरी आतमदी लसून परतून राह्यलं.”

मग तासाभराची सुट्टी झाली. पांगापांग होताच माझा फोन वाजला. तिचा मेसेज : ‘पोह्यापाशी ये. बोलू.’

मी पाच वेळा वाचला. शेवटचा शब्द ‘बोलू’. दोघांनी मिळून करायचं क्रियापद.

पोहे कुठे? स्टँडसमोर! येतानाच मी ती गाडी पाहिली होती. लाल तर्रीचं पातेलं, वर चिरलेला कांदा, बाजूला मिरच्या. काय जागा निवडली पोरीने, साधी, गर्दीची, कोणाला संशय नको. मी जवळजवळ पळतच गेलो. ती नव्हती. म्हटलं येईल, गाईडला दहा कामं असतात.

“देऊ काय एक प्लेट?” गाडीवाला म्हणाला.

“थांबा. एक जन येऊन राह्यलं.”

थोड्या वेळाने तो म्हणाला, “भाऊ, गिऱ्हाईक म्हनून उभे राहा, नाईतर सावलीतून बाजूले व्हा.” मग एक प्लेट घेतली. पोहे उत्तम, तर्री जहाल. ती येईना. फोन लावला, लागेना, जुन्या दगडी गावात रेंज कुठली. मग रागाने दुसरी प्लेट घेतली.

“भांडन झालं काय बावा?” गाडीवाल्याने जास्तीची तर्री ओतत विचारलं.

“तुमाले कसं समजलं?”

“पोहे चावून नाई राह्यले तुमी, दळून राह्यले.”

मी मनात भाषण तयार केलं. ‘बोलवायचं आणि यायचं नाही, हाच का तुझा इतिहास?’ वाक्य चांगलं होतं. तास संपल्यावर आमच्या सतरा सीटच्या गाडीत शिरताच फेकलं, सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात.

प्रणाली दारापाशी उभी होती. चेहरा उन्हाने लाल, चपला धुळीने भरलेल्या. “मी बोलावलं आणि मीच आली नाई?” ती म्हणाली. “होता कुठं तू?”

“पोह्यापाशी! दोन प्लेटा खाल्ल्या तुझी वाट पाहत!”

काका खोकल्यासारखे हसले. रफिकभाईंनी स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं.

“अरे लेका,” काका डोळे पुसत म्हणाले, “पोहा वेस! कारंज्याले चार वेशी हायेत. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आन पोहा वेस. पोह्याले जाणारा रस्ता निंगते तिथून. पोहा गाव हाय. आता गाडीत सांगितलं न पोरीनं, बोटं दाखवून!”

चार बोटं.

“तवा तुमी माह्याशी भांडून राह्यले होते,” काकांनी पुस्ती जोडली. निवृत्त झाला तरी पंचनामा पूर्ण करतो तो तलाठी.

काकू मात्र हसल्या नाहीत. “पोरगी वेशीत उनात उभी होती बाप्पा,” एवढंच म्हणाल्या. थोड्या वेळाने मंगरूळपीर आलं. तिथे काका-काकूंना आसेगावला न्यायला पुतण्या आला होता. उतरताना काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा, प्रश्न न विचारता गेले.

मग प्रणाली मागे आली आणि अकरा नंबरवर बसली. माइक गळ्यात, पण बंद.

मी म्हणालो, “सॉरी.” हा शब्द माझ्या तोंडून निघताना पाइप वाकवल्यासारखा आवाज आला असावा.

“सकाळपासून मी बोलून राह्यली,” ती म्हणाली. “सांग बरं, छत्रीपाशी काय सांगितलं?”

मी समोरच्या सीटची शिवण बघू लागलो.

“किल्ल्याचे दरवाजे वाकडे काहून?”

शिवण सरळ होती.

“मी कप कोणत्या हातानं धरते?”

“डाव्या,” मी लगेच म्हणालो.

ती हसली, पण त्यात गंमत कमी होती. “हेच तं. मी तुले दिसते. ऐकू नाई येत.”

खिडकीबाहेर तुरीची शेतं जात होती. मी विचारलं, “वेशीत काय सांगणार होती?”

“‘थांब’ म्हणनार होती. दोन वर्षं नागपूरले जाते, शिकते, तोवर थांब. मंग विचार.” तिने माइकची वायर बोटाला गुंडाळली. “पन तू थांबला बी तं पोह्याच्या गाडीवर.”

“मंग आता?”

“आता काय. थांबशीन तं ऐकायले शिक. दिसायचं काय, फोटो बी दिसते.” आणि ती उठून रफिकभाईंच्या बाजूच्या सीटवर जाऊन बसली. वाशीमला उतरताना तिने सगळ्यांना केला तसाच मलाही नमस्कार केला. जास्त नाही, कमी नाही.

घरी पोचलो तर आई दारातच. “काय पाह्यलं रे दिवसभर?”

“किल्ला.”

“कसा होता?”

“मोठा.”

“बस? नवशे रुपये देऊन मोठा?” आईने विचारलं आणि ताट वाढायला गेली.

आता हिशेब करायचा तर माझ्याकडे काय उरलं : ओढणीचा रंग (मोरपंखी, शेवटी आठवलं), एक उंचावलेली टाच, दोन प्लेट पोहे. बाळापूर आणि कारंजा ही गावं जवळजवळ न पाहता परत आलेला मी पहिलाच पर्यटक असेन. तुम्ही जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, पाणी सोबत ठेवा, आणि गाईड बोलत असेल तेव्हा शेजाऱ्याशी शिक्षणावर चर्चा करू नका.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी प्रणालीला मेसेज केला : ‘छत्रीपाशी जे सांगितलं ते परत सांगशील?’ पुढे आणखी चार ओळी लिहिल्या होत्या, कविता वगैरे. त्या पुसल्या. दुपारी तिची व्हॉइस नोट आली, चांगली लांबलचक. गोदामात पाइपांच्या ढिगावर बसून ऐकली. सेनापती कुठून आला, इथे किती दिवस मुक्काम होता, कमानी कोणत्या दगडाच्या, पूर कुठवर चढला. प्रेमाचा एक शब्द नाही. मध्ये एकदा ती खोकली, पाणी प्यायली, पुन्हा सुरू झाली. मामाने दोनदा हाक मारली, मी गेलो नाही. संपेपर्यंत मी एकदाही मध्ये बोललो नाही.

व्हॉइस नोट होती, बोलून उपयोगही नव्हता, हे मान्य. पण मी बोललो नाही.