मागच्या सीटवरून दोन ठोके

भुताखेताची गोष्ट रंगात आली, की मी उठून चहा टाकायला जाते. माझा विश्वासच नाही! तेव्हाही नव्हता, आणि आता... आता चहा टाकायला जाते, पण कान बैठकीतच ठेवून जाते. का, ते सांगते.

आम्ही अमरावतीचे. आपण अजून मुंबई राज्यात होतो, तेव्हाची गोष्ट. माझ्या सासऱ्यांची, म्हणजे मामाजींची, शेंदूरजनाघाटला संत्र्याची बाग होती आणि दारात एक जुनी काळी मोटार. मुलाला, म्हणजे आमच्या वकीलसाहेबांना, नुसतं स्टिअरिंग धरलं तरी घाम फुटायचा. म्हणून मामाजींनी ठरवलं — सून शिकेल. अख्ख्या गावाच्या भुवया वर गेल्या, त्या बरेच दिवस खाली आल्या नाहीत.

पण रीत ती रीत. सुनेच्या शेजारी सासरा कसा बसणार? तिच्याशी सरळ बोलणार तरी कसा? मामाजी मागे बसत, त्यांच्या शेजारी पानाचा डबा घेऊन सासूबाई. सगळ्या सूचना मामाजी मोटारीला देत. ‘बाई, जरा हळू चाल, समोर बैल हाये.’ मी डोक्यावरचा पदर सावरत मोटारीच्या वतीने ऐकायची.

माझी एक खोड होती. रिव्हर्समध्ये गाडी मागे जात असतानाच, ती थांबायची वाट न पाहता, मी पहिला गिअर टाकायला जायची. करर्र! आरशात मामाजींचा चेहरा दाढेत कळ आल्यासारखा व्हायचा. मग माझ्या सीटच्या पाठीवर त्यांच्या काठीचे दोन ठोके. ‘बाई, आंधी थांब. मंग समोर जाय.’

मामाजी गेले. काठीही आम्ही त्यांच्यासोबत चितेवर ठेवली. पुढे वकीलसाहेबांनी मोटारीला अकोल्याचं गिऱ्हाईक पाहिलं. म्हणाले, आता चालवणार कोण? मी समोरच उभी होते, बरं का. गाडी द्यायला निघालो त्या दिवशी सासूबाई, कुणाला न विचारता, मागे आपल्या जागेवर येऊन बसल्या. मांडीवर गिऱ्हाइकाच्या घरी द्यायला संत्र्यांची टोपली. शेजारची जागा रिकामी.

मूर्तिजापूरच्या अलीकडे, पुढे माझ्या शेजारी बसलेल्या वकीलसाहेबांना आठवलं, की गाडीचे कागद घरीच राहिले. वकील, आणि कागद विसरला! वळवून घ्यायला मी बाजूच्या उतरत्या गाडीवाटेवर रिव्हर्स घेतला. मागे कमरेएवढं तरोट्याचं रान माजलं होतं. खरं सांगू? डोळे भरले होते, लक्ष नव्हतं. जुनी खोड वर आली. ब्रेकवरचा पाय उचलून, गाडी मागे घरंगळत असतानाच मी पहिला टाकायला गेले. करर्र... गिअर पडेना, गाडी उतरतेय, मी दांडा रेटतेय —

टक. टक.

माझ्या पाठीमागे, सीटवर. पाय आपोआप ब्रेकवर गेला. मोटार थांबली.

वकीलसाहेब उतरले, मागे जाऊन तरोटा बाजूला केला, आणि दोन्ही हातांनी मडगार्ड धरलं. तरोट्याआड मुरमाची खदान होती. मागचं चाक तिच्या काठापासून वीतभरच लांब.

मी वळून पाहिलं. सासूबाईंचे दोन्ही हात टोपलीवर. त्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहत होत्या. घाबरल्या नव्हत्या... चक्क लाजल्या होत्या.

‘सूनबाई, घरी चाल,’ डोळ्यांनीच ती जागा दाखवत त्या म्हणाल्या. ‘यायले मोटार सोडवत नाई अजून.’

मोटार काही विकली गेली नाही. वकीलसाहेब म्हणतात, सीटची स्प्रिंग वाजली असेल. म्हणजे ठोके त्यांनीही ऐकले! त्यांनी मिस्त्रीकडून सगळी सीट उसवून घेतली. एकही स्प्रिंग सैल निघाली नाही.

आता मी गाडी पुरती थांबवल्याशिवाय गिअर टाकत नाही. फक्त कधी रविवारी, बडनेऱ्याकडे मोकळं मैदान दिसलं, की मागून सासूबाई हळूच म्हणतात, ‘एकदा तसंच कर नं वं.’ मी करते. करर्र! आम्ही दोघी श्वास धरून बसतो. काही वाजत नाही. त्या दिवशी काय वाजलं, ते मला आजही सांगता येत नाही.

मग सासूबाई डबा उघडतात, एक विडा शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवतात आणि मोटारीला सांगतात, ‘चाल बाई. समोर जाय.’